दक्षिणेची यात्रा : किती क्षेत्रे आणि किती दर्शन?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



कोणत्याही धार्मिक संस्थेची पन्नास वर्षे मोजताना मंदिराचा जीर्णोद्धार, पाठशाळा आणि वाचनालय यांची नोंद होते. यात्रासंघांची नोंद मात्र बहुधा एका ओळीत आटोपते : अमुक साली इतके यात्रेकरू, इतकी क्षेत्रे. त्या ओळीत यात्रेकरूंची संख्या असते, क्षेत्रांची संख्या असते. दर्शन किती झाले, हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. आजच्या मंगल प्रसंगी या न लिहिलेल्या रकान्याविषयी थोडा विचार मांडावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

प्रारंभी एक प्रसंग. दक्षिण यात्रेला निघालेल्या एका संघात चौऱ्याहत्तर वर्षांच्या एक श्राविका होत्या. घरच्यांनी मोठ्या हौसेने त्यांचे नाव नोंदविले होते. नऊ दिवसांत बावीस क्षेत्रे, असा छापील कार्यक्रम हाती होता. संघ श्रवणबेळगोळला पोहोचला तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. पुढच्या मुक्कामी वेळेत पोहोचायचे म्हणून विंध्यगिरीसाठी दीड तास ठरला. अनवाणी चढायच्या सहाशेहून अधिक पायऱ्या, उन्हाने तापलेला खडक आणि डोलीसाठी लागलेली रांग. तरुण मंडळी धावत वर जाऊन आली. त्या आजी पायथ्याशी गाडीजवळ बसून राहिल्या. वर दिसणाऱ्या मूर्तीच्या मस्तकाकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि गाडी सुटली. घरी परतल्यावर नातवंडांनी विचारले, ‘आजी, काय काय पाहिले?’ आजी म्हणाल्या, ‘गाडी फार पळाली, बाळांनो.’

या प्रसंगात दोष कोणाचा, हे शोधण्याचे प्रयोजन नाही. कार्यक्रम आखणाऱ्यांनी कष्टाने आखला होता आणि अधिकाधिक पुण्यलाभ व्हावा याच भावनेने आखला होता. तरीही ज्या मूर्तीसाठी त्या आजी साडेपाचशे किलोमीटरांच्या पुढे प्रवास करून गेल्या, तिच्या चरणांपर्यंत त्या पोहोचल्या नाहीत. म्हणून प्रश्न असा उभा राहतो की, एवढ्या विस्तीर्ण प्रदेशातून काय निवडावे आणि काय सोडावे, हे कोणत्या न्यायाने ठरवावे?

प्रथम प्रदेशाचा विस्तार ध्यानात घ्यावा. ‘दक्षिण’ हा शब्द बोलण्यात एकच असला तरी यात्रेच्या दृष्टीने त्यात तीन निरनिराळे प्रदेश सामावलेले आहेत.

पहिला प्रदेश कर्नाटकाच्या पठाराचा. ऐहोळेच्या मेगुती मंदिरावरील रविकीर्तीचा इ. स. ६३४ चा शिलालेख, बदामीचे चौथे लेणे, लक्कुंडीची अत्तिमब्बेने बांधविलेली बसदी, हळेबीडची पार्श्वनाथ बसदी, कंबदहळ्ळीची पंचकूट बसदी आणि या सर्वांच्या शिरोभागी श्रवणबेळगोळ. गंग राजाचा मंत्री आणि सेनापती चामुंडराय याने दहाव्या शतकाच्या अखेरीस, इ. स. ९८१ च्या सुमारास, एकाच पाषाणातून घडविलेली भगवान बाहुबलींची सुमारे ५८ फुटांची मूर्ती येथे उभी आहे. समोरच्या चंद्रगिरीवर श्रुतकेवली भद्रबाहूंची गुंफा आहे. सम्राट चंद्रगुप्तानेही याच टेकडीवर देह ठेवला, अशी परंपरा आहे. चंद्रगिरीची चढण विंध्यगिरीपेक्षा पुष्कळ कमी आहे. तरीही घाईच्या कार्यक्रमात नेमकी तीच वगळली जाते.

दुसरा प्रदेश घाटाखालचा, समुद्रालगतचा तुळुनाडू. तेथे पाऊस धो-धो पडतो, म्हणून बसद्यांची छपरे उतरती आणि खांब दगडी. जैन काशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूडबिद्रीत अठरा बसद्या आहेत. त्यांतील इ. स. १४३० ची सहस्रस्तंभ बसदी चंद्रनाथ भगवंतांची आहे. तिच्यात एकासारखा दुसरा खांब नाही, असे सांगितले जाते. कारकळला इ. स. १४३२ मधील सुमारे ४२ फुटांचे बाहुबली आणि इ. स. १५८६ ची चतुर्मुख बसदी आहे. वेणूरला फल्गुनी नदीच्या काठी इ. स. १६०४ मधील सुमारे ३५ फुटांचे बाहुबली आहेत. धर्मस्थळी इ. स. १९८२ मध्ये प्रतिष्ठापित झालेली ३९ फुटांची मूर्ती आहे. मंजुनाथस्वामींचे शिवमंदिर, पूजेला वैष्णव पुजारी आणि कारभाराला जैन हेग्गडे घराणे, असे धर्मस्थळाचे आगळे वैशिष्ट्य. वरंगची बसदी तळ्याच्या मध्यभागी असून तेथे नावेने जावे लागते. घाट चढून वर गेले की शिवमोग्गा जिल्ह्यात हुमचा, पद्मावती मातेचे प्रसिद्ध क्षेत्र.

तिसरा प्रदेश तमिळनाडूचा, आणि तो बहुतेक संघांच्या कार्यक्रमात येतच नाही. कांचीपुरमजवळ तिरुपरुत्तिकुंड्रम म्हणजेच जिनकांची, वंदवासीजवळ आचार्य कुंदकुंदांच्या चरणपादुकांनी पावन झालेला पोन्नूर पर्वत, विळुप्पुरम जिल्ह्यात मेलसित्तामूरचा मठ, पोळूरजवळ तिरुमलै येथे खडकात कोरलेली सुमारे सोळा फुटांची नेमिनाथ भगवंतांची मूर्ती. ही क्षेत्रे उत्तर तमिळनाडूत एकमेकांपासून फार दूर नाहीत. त्याहून खाली दक्षिणेस पुदुकोट्टैजवळ सित्तन्नवासलची चित्रांकित गुंफा, मदुरैभोवतीच्या डोंगरांत साधूंसाठी कोरलेल्या दगडी शय्या आणि इसवी सनापूर्वीच्या काळापासूनचे तमिळ-ब्राह्मी लेख, आणि त्याहीपुढे कळुगुमलैच्या कड्यावरील तीर्थंकरांच्या रांगा. हा पल्ला मात्र लांबचा आहे.

असा हा विस्तार पाहिला की साहजिकच वाटते, एवढे दूर आलोच आहोत तर सगळेच करून घ्यावे. पण ठाणातले कापड मोजकेच असते. अंगरखा, उपरणे आणि पगडी सगळेच त्यातून काढायचे म्हटले, तर एकही वस्त्र अंगाला येत नाही. यात्रेत हे कापड म्हणजे दिवसाचा उजेड.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. जानेवारीत त्या भागात सूर्योदय पावणेसातच्या सुमारास आणि सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होतो. रात्रिभोजनत्यागाचे व्रत सांभाळायचे तर साडेपाच-पावणेसहापर्यंत जेवण उरकले पाहिजे. पंचेचाळीस माणसांची पंगत, गाळलेले पाणी आणि ताजा स्वयंपाक यांचा विचार करता गाडी साडेचारला मुक्कामी टेकली पाहिजे. म्हणजे पावणेसात ते साडेचार, पावणेदहा तास. त्यातून स्नान, अभिषेक आणि पूजन यांचे दोन तास व सकाळच्या जेवणाचे पावणेदोन तास वजा केले, की सहा तास उरतात. घाटाच्या रस्त्यावर चार तास गाडीत गेले, तर क्षेत्रांसाठी दोनच तास राहिले. कार्यक्रमात त्या दिवशी चार क्षेत्रे छापलेली असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा तास. पंचेचाळीस माणसे गाडीतून उतरायला दहा मिनिटे आणि पुन्हा चढायला दहा मिनिटे. भगवंतांसमोर उरली दहा मिनिटे. त्यातच पादत्राणे काढणे, छायाचित्र घेणे आणि हरवलेल्याला हाक मारणे!

या हिशेबात बसत नाही ते दोनच मार्गांनी बसविता येते. एक तर सूर्यास्तानंतरचे जेवण चालवून घ्यायचे, नाही तर अभिषेक-पूजन गाळायचे. म्हणजे क्षेत्रांची संख्या वाढविण्यासाठी ज्या आचारासाठी यात्रा करायची, तोच आचार खर्ची घालायचा. घरी कटाक्षाने पाळलेला नियम तीर्थक्षेत्री मोडावा, यासारखी दुसरी विसंगती नाही.

तेव्हा निवडीचा पहिला नियम असा की, आधी मुक्काम ठरवावेत आणि मग क्षेत्रे. जेथे धर्मशाळा आहे, शुद्ध भोजनाची सोय आहे आणि सकाळी अभिषेक मिळतो, अशा ठिकाणी दोन-दोन रात्री काढाव्यात. त्या मुक्कामापासून तासाभराच्या अंतरावर जे येईल ते घ्यावे. बाकीचे पुढच्या यात्रेसाठी ठेवावे.

दुसरा नियम, एका यात्रेत तिन्ही प्रदेश घेऊ नयेत. कोल्हापूर-सांगलीकडून निघणाऱ्या संघाला दहा दिवसांत पठार आणि तुळुनाडू नीट साधतात. पहिला मुक्काम हुबळीजवळ वरूरला. दुसऱ्या दिवशी शिवमोग्ग्याकडून हुमचा. तिसऱ्या दिवशी सकाळचे पूजन आटोपून घाट उतरायचा. आगुंब्याचा घाट तीव्र वळणांचा असून मोठ्या गाड्यांना तेथे अनेकदा मनाई असते, म्हणून आधी चौकशी करून गरज पडल्यास दुसरा घाट धरावा. मूडबिद्रीत तीन रात्री. चौथ्या दिवशी कारकळ आणि वरंग, पाचव्या दिवशी मूडबिद्रीच्याच बसद्या. सहाव्या दिवशी वेणूर आणि धर्मस्थळ, रात्र धर्मस्थळी. सातव्या दिवशी सकाळी घाट चढून सुमारे पावणेदोनशे किलोमीटरांवरील श्रवणबेळगोळ. आठव्या दिवशी उजाडताच विंध्यगिरी, तिसऱ्या प्रहरी चंद्रगिरी. तेथील दुसरी रात्र काढून नवव्या-दहाव्या दिवशी परतीचा प्रवास. या योजनेत बदामी नाही, ऐहोळे नाही, हळेबीडही नाही. ती क्षेत्रे कमी महत्त्वाची आहेत असे मुळीच नाही. बदामी, ऐहोळे आणि लक्कुंडी ही तर घरापासून जवळची. तीन-चार दिवसांच्या वेगळ्या यात्रेत, मुलांना सुट्टी असताना, ती अधिक निवांत पाहता येतात.

तिसरा नियम, संघातील सर्वांत अशक्त यात्रेकरूकडे पाहून वेळ ठरवावी. विंध्यगिरी सकाळी लवकर चढावा, म्हणजे खडक तापलेला नसतो आणि डोलीलाही फार थांबावे लागत नाही. तरुणांना दोन तास अधिक मिळाले तर त्यांचे काही बिघडत नाही. वृद्धांना दोन तास कमी मिळाले तर त्यांची यात्राच हुकते. तरुणांना पुन्हा येता येते. सत्तरी ओलांडलेल्या यात्रेकरूची ती कदाचित शेवटचीच यात्रा असते.

चौथा नियम ऋतूचा. जून ते सप्टेंबर तुळुनाडूत आणि घाटांत पावसाचा जोर असतो; ऑक्टोबर ते डिसेंबर तमिळनाडूत परतीचा पाऊस असतो. दोन्हींना मानवणारा काळ म्हणजे जानेवारी आणि फेब्रुवारी. श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक बारा वर्षांनी येतो. २००६ आणि २०१८ मध्ये तो झाला. तो सोहळा पाहण्याचे भाग्य मोठेच. पण शांतपणे दर्शन हवे असेल तर सोहळ्याचे वर्ष टाळावे, आणि सोहळा हवा असेल तर त्या वर्षी दुसरे काहीही जोडू नये.

आता जे थांबल्यानेच दिसते, त्याची दोन उदाहरणे.

मूडबिद्रीतील सिद्धांत बसदीत, जिला गुरु बसदी असेही म्हणतात, धवला, जयधवला आणि महाधवला यांच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके जपल्या गेल्या. भाषा प्राकृत, लिपी जुनी कन्नड. षट्खंडागमासारखा मूळ सिद्धांतग्रंथ उर्वरित भारतात नावापुरता उरला असताना येथे तो जिवंत होता. त्याच्या नकला करून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांनी खटपट केली. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून धवलेचे खंड प्रकाशित होऊ लागले, ते अमरावतीहून. म्हणजे आज घरोघरीच्या स्वाध्यायात जो ग्रंथ उघडला जातो, त्याची वाट मूडबिद्रीच्या एका बसदीतून महाराष्ट्रात आलेली आहे. ही कथा त्या बसदीत बसून एखाद्या जाणकाराने सांगितली, तर यात्रेकरू वेगळ्याच भावनेने हात जोडतो. दहा मिनिटांत ती सांगताही येत नाही आणि ऐकताही येत नाही.

दुसरे उदाहरण श्रवणबेळगोळचे. भगवान बाहुबलींच्या चरणांजवळ चामुंडरायाने ही मूर्ती करविली, अशा अर्थाचे लहानसे लेख कोरलेले आहेत. एक कन्नडमध्ये, एक तमिळमध्ये आणि एक मराठीत. हा मराठी लेख मराठीच्या अगदी जुन्या शिलालेखांत गणला जातो. या मूर्तीच्या पायाशी तीन भाषांचे भाविक यावेत आणि प्रत्येकाला आपल्या भाषेत वाचता यावे, असा विचार लेख कोरविणाऱ्यांच्या मनात असलाच पाहिजे. महाराष्ट्रातून गेलेला यात्रेकरू तेथे परका नसतो. पण त्या अक्षरांकडे बोट दाखविणारा कोणी नसेल आणि खाली गाडीचा भोंगा वाजत असेल, तर आपल्याच भाषेतील हा वारसा न पाहता तो माघारी फिरतो.

त्या तीन भाषांपैकी तमिळकडे पाहिले म्हणजे पाचवा नियम सुचतो. प्रत्येक संघाने काही वर्षांनी एकदा तरी जेथे सहसा कोणी जात नाही, अशा क्षेत्री जावे. तमिळनाडूत मूळचे तमिळभाषी जैन आहेत. त्यांच्यात नैनार हे उपनाम आढळते. बहुतेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या शेतीवर जगलेली. ‘जीवकचिंतामणी’सारखे महाकाव्य तमिळ भाषेला एका जैन कवीनेच दिले. आज अनेक गावांत जैन घरे थोडी उरली आहेत, तरुण मंडळी चेन्नई-बंगळुरूला गेली आहेत, आणि मंदिर सांभाळायला वृद्ध मंडळीच आहेत. जेथे वर्षाकाठी लाखो भाविक येतात, तेथे आणखी एका गाडीने काही फरक पडत नाही. अशा लहान गावात मात्र पंचेचाळीस माणसे आधी कळवून गेली, एक रात्र राहिली, सकाळी सर्वांनी मिळून अभिषेक केला आणि मंदिराच्या भांडारात यथाशक्ती दान दिले, तर त्या गावाला अनेक दिवस धीर पुरतो. भाषा समजत नाही, ही अडचण वरवरची आहे. णमोकार मंत्र तेथेही तोच आहे, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणारी माणसेही तीच.

यासाठी वेगळी आठ-दहा दिवसांची यात्रा आखावी. बंगळुरूपर्यंत रेल्वेने जावे, म्हणजे वृद्धांचे हाल वाचतात. तेथून स्थानिक गाडी घ्यावी. जिनकांची, पोन्नूर, मेलसित्तामूर आणि तिरुमलै, एवढीच चार क्षेत्रे घ्यावीत. सित्तन्नवासल आणि कळुगुमलै या खेपेस सोडावीत. जी क्षेत्रे घेतली तेथे पूर्वसूचना द्यावी, किती माणसे आणि किती दिवस हे स्पष्ट कळवावे, आणि कळविल्याप्रमाणेच पोहोचावे. लहान गावात पंचेचाळीस माणसांचा स्वयंपाक वाया जाणे, ही लहान गोष्ट नसते.

येथे एक शंका घेतली जाईल. इतकी कमी क्षेत्रे असतील तर यात्रेकरू नाव नोंदवतील का? दुसऱ्या संघाच्या पत्रकात बावीस क्षेत्रे आणि या पत्रकात नऊ, मग लोक बावीसकडेच वळणार. ही शंका व्यवहाराला धरून आहे. दर तोच आणि माल अधिक, असे दिसले की गिऱ्हाईक तिकडे वळतेच. पण यात्रेचा माल क्षेत्रांच्या संख्येने मोजायचा नसतो. पत्रकात क्षेत्रांच्या नावापुढे तेथे किती वेळ थांबणार, हे तासांत छापावे. एवढे एकच केले तर दोन पत्रकांतील फरक कोणालाही समजेल. ‘विंध्यगिरी : दीड तास’ आणि ‘विंध्यगिरी : संपूर्ण सकाळ’ हे शेजारी शेजारी वाचल्यावर, घरातील आईवडिलांना कोणत्या गाडीत बसवायचे हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.

आणि शेवटी असे की, सोडलेले क्षेत्र हरवत नाही. ते हजार वर्षे तेथेच उभे आहे. घाईने उरकलेले क्षेत्र मात्र खरोखर हरवते, कारण ‘ते तर झाले’ असे मनाने एकदा म्हटले की माणूस तेथे पुन्हा जात नाही. यादीत ज्याच्यापुढे खूण झाली, ते पाहायचेच राहून गेले, असा हा उलटा न्याय आहे.

प्रारंभी ज्या आजींचा उल्लेख झाला, त्यांच्या घरून पुढच्या वर्षी यात्रेसाठी नाव आले नाही. त्या वर्षाच्या अहवालात यात्रेकरूंची संख्या पूर्ण होती आणि क्षेत्रांची संख्याही. ट्रस्टच्या पुढील पन्नास वर्षांत क्षेत्रांचा आकडा निम्म्यावर आला तरी चालेल. पायथ्याशी गाडीजवळ बसून राहिलेल्यांचा आकडा मात्र शून्य असावा. ज्या दिवशी अहवालात तो रकाना आखला जाईल आणि त्यात शून्य लिहिता येईल, त्या दिवशी यात्रासंघाची नोंद खऱ्या अर्थाने पूर्ण होईल.